न दुखणारा डोळा

मला राग आला की मी आधी दुकानाचं शटर अर्धं ओढतो आणि मगच तोंड उघडतो. गिऱ्हाइकांसमोर जीभ सुटू नये म्हणून लावून घेतलेली ही सवय आहे. आजही शटर अर्धं ओढूनच लिहायला बसलोय.

पोपट ओव्हाळच्या उजव्या डोळ्याचं काय झालं, ते सांगायचं आहे. या हकिकतीत सगळी सभ्य माणसं आहेत आणि त्यातल्या प्रत्येकाचा मला राग येतो. त्याच्या शेठचा येतो, शेठच्या डॉक्टरचा येतो, खुद्द पोपटचाही येतो. हडपसरच्या गाडीतळावरून आत गेलं की एक मेडिकलचं दुकान लागतं, त्याच्या मालकाचा सगळ्यात जास्त येतो. तो मालक मी. रावसाहेब माझं नाव. पोपटचा डोळा ज्या औषधानं खाल्ला, ते माझ्या हातून त्याच्या हातात गेलेलं आहे.

पोपट आणि मी मांजरीच्या शाळेत एका बाकावर बसायचो. त्याची आई मालनबाई उसाच्या शेतात खुरपायला जायची. पोरगा शिकलाच पाहिजे, या एका हट्टापायी तिनं त्याला आयटीआयला घातलं. तिथून तो वेल्डर होऊन बाहेर पडला आणि मोठ्या कारखान्यात लागला. कँटीन होतं, न्यायला बस होती, डोळ्याला चष्मा मिळत होता. एकोणनव्वद साली ग्राइंडरची चकती फुटली आणि तिचा तुकडा चष्म्याच्या कडेनं आत शिरला. डावा डोळा तेव्हाच गेला. उजेड आणि अंधार एवढं त्याला कळतं, बाकी काही नाही. पण कारखान्यानं त्याला दवाखान्यात नेलं, भरपगारी रजा दिली आणि परत कामावर घेतलं. त्या कारखान्याबद्दल मी वाईट बोलणार नाही.

पुढं खुलं धोरण आलं. देश खुला झाला आणि कारखान्याचं फाटक बंद झालं. शहाण्णव साली हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला. स्वेच्छा कोणाची, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. पोपटसारखे चांगले कसबी लोक पत्र्याच्या शेडांमध्ये शिरले. तेच काम, तेच हात, फक्त कँटीन नाही, बस नाही आणि चष्मा ज्याचा त्यानं आणायचा. अनिरुद्ध नावाच्या एका इंजिनिअरनं हडपसरला अशीच एक शेड टाकली होती, तिथं पोपट लागला. आयटीच्या इमारतींना लागणारे लोखंडी सांगाडे तिथं तयार व्हायचे. इमारती इतक्या भराभर उठत होत्या की सांगाडा वेळेत पोचला नाही तर अनिरुद्धला झोप लागायची नाही.

शेडमध्ये पोपटची एक वेगळीच ओळख होती. कोणाच्याही डोळ्यात लोखंडाचा कण गेला की तो पोपटकडे यायचा. दारात, उजेडाकडे तोंड करून, पालथ्या ड्रमवर माणसाला बसवायचं. काडेपेटीच्या काडीवर वरची पापणी उलटायची. धुतलेल्या रुमालाचं टोक पिळून टोकदार करायचं आणि एका झटक्यात कण उचलायचा. एका डोळ्यानं हे त्याला कसं जमायचं, ते त्यालाच ठाऊक. पण हात हलायचा नाही. आसपासच्या चार शेडांमधून लोक त्याच्याकडे यायचे, "दादा, बघा की जरा," म्हणत उभे राहायचे. तो कधी कोणावर खेकसला नाही. शेडमध्ये त्याला पोपटदादा म्हणत आणि माझ्यापेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास ठेवत.

आता दोन हजार पाचच्या जानेवारीत काय झालं ते. त्याच्या स्वतःच्याच डोळ्यात कण गेला. उजव्या. स्वतःचा कण स्वतःला काढता येईना आणि दुसऱ्या कोणाला तो हात लावू देईना. एकच डोळा, घाबरणारच. गेला बिचारा डोळ्याच्या डॉक्टरकडे. त्यांनी आधी दोन थेंब टाकले. अर्ध्या मिनिटात आग थांबली, टोचणं थांबलं, सगळा डोळा गार. मग त्यांनी निवांतपणे कण काढला, मलम दिलं आणि दोन दिवस काम करू नका म्हणाले. पोपटनं मलमाचं नाव ऐकलं नाही. त्यानं थेंबांच्या बाटलीवरचं नाव हेरलं, आणि खिशातला लोखंडावर खुणा करायचा खडू काढून ते तळहातावर लिहून घेतलं.

तिथून तो थेट माझ्या दुकानात. काउंटरवर तळहात पसरला.

"हे दे."

मी वाचलं. "हे डॉक्टरांच्या हातचं औषध आहे, पोपट. डोळा तपासताना बधिर करायला वापरतात. घरी घालायचं नसतं."

"आरं, अर्ध्या मिन्टात गार! पोरांच्या डोळ्यातलं काढताना लई तडफडत्यात. त्यांना बरं."

"चिठ्ठी आहे?"

"तुझ्याकडं चिठ्ठी कवापासून लागायला लागली?"

हे खरं होतं. त्या काउंटरवरून मी चिठ्ठी न बघता काय काय दिलं असेल, याची यादी केली तर माझं लायसन्स भिंतीवर टिकणार नाही. फार्मसीच्या वर्गात या थेंबांबद्दल सरांनी बजावून सांगितलं होतं. खोक्यावर लाल अक्षरांत छापलेलं होतं. मी फ्रिज उघडला, बाटली काढली आणि दिली. हसत हसत दिली, हे जास्त वाईट.

शेडमध्ये त्या बाटलीचं नाव पडलं "गार थेंब". पोपट पापणी उलटायच्या आधी एक थेंब टाकायचा आणि माणूस हूं की चूं करायचा नाही. पोपटदादाच्या हाताला आता जादू आली, असं लोक म्हणायला लागले. मग अनिरुद्धच्या कानावर गेलं. त्यानं माझ्याकडून खोकंभर बाटल्या मागवल्या आणि प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवल्या. मला तेव्हा बरं वाटलं होतं. कंपनीची ऑर्डर म्हणून मी बाटल्या स्वतः नेऊन दिल्या होत्या.

वेल्डिंगचा उजेड डोळ्याला लागला की काय होतं, ते ज्याला लागलंय त्यालाच विचारा. दिवसभर काही कळत नाही. संध्याकाळनंतर डोळ्यांत कोणी वाळू भरल्यासारखं होतं, उघडवत नाही, मिटवत नाही. पूर्वी पोपटला असं झालं की जयावहिनी, म्हणजे त्याची बायको, बटाट्याच्या चकत्या कापून डोळ्यांवर बांधायची. दुसऱ्या दिवशी खाडा व्हायचा आणि त्या एका दिवसाच्या विश्रांतीत डोळा सावरायचा. आता बटाटा नको आणि खाडाही नको. एक थेंब, की माणूस परत वेल्डिंगच्या काचेमागे. आधी तो संध्याकाळी घालायचा. मग दुपारी. मग प्रत्येक चहाला. उन्हाळा संपेपर्यंत बाटली त्याच्या शर्टाच्या खिशात, विडीच्या बंडलाशेजारी, कायमची राहायला आली. तो आठवड्याला एक बाटली न्यायचा आणि मी द्यायचो. एकदाही विचारलं नाही की तू पोरांच्या डोळ्यांत घालतोस की स्वतःच्या.

अनिरुद्धनं शेडला एक डॉक्टर लावला होता. महिन्याच्या पहिल्या शनिवारी यायचा, केबिनमध्ये बसायचा आणि एकेकाला आत बोलवायचा. बाटल्या द्यायला गेलो होतो तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलंय. पोपट आत गेला. डोळा लाल होता, मला दहा फुटांवरून दिसत होता.

"काही त्रास? दुखतंय का कुठं?"

"न्हाय साहेब."

"पुढचा."

एवढीच तपासणी. टॉर्च डॉक्टरच्या खिशाला लावलेला होता, तो खिशालाच राहिला. आणि पोपट खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच दुखत नव्हतं.

सप्टेंबरात जयावहिनी दुकानात आल्या. त्या बालवाडीत मदतनीस आहेत, एरवी शब्द मोजून बोलतात. त्या दिवशी काउंटरवर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

"भावजी, ह्यांचा डोळा बघा तुम्ही. काल मिरच्या भाजल्या मी. सगळं घर खोकून बेजार, आत्याबाई ओसरीवर जाऊन बसल्या, शेजारीण भांडायला आली. आन् हे तव्याशेजारी बसून भाकरी खातात. डोळ्याला पाणी न्हाय. पापणी लवली न्हाय. मी म्हणलं, हे काय? तर म्हणतात, डोळा आता कामाला तयार झाला."

"म्हणजे?"

"हाताला घट्टे पडतात की न्हाय, तसं. पहिल्यांदा फोड येतात, मग घट्टा पडतो, मग दुखत न्हाय. डोळ्याचं बी तसंच असतंय म्हणे. सगळ्या शेडला हेच सांगतात."

पोपटनं तीस वर्षं हातानं काम केलं होतं. त्याच्या हातानं त्याला हेच शिकवलं होतं, की दुखायचं थांबलं म्हणजे आपण जिंकलो. हातानं काम न करणाऱ्या माणसाला ही चूक सुचलीच नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला स्कूटरवर मागं बसवून डोळ्यांच्या एका धर्मादाय दवाखान्यात नेलं. वाटेत तो म्हणत होता, आजचा खाडा तुझ्यामुळं झाला, आणि बारीकसा धुरकटपणा आलाय तेवढ्याला ड्रॉप बदलून देतील.

डॉक्टर सोनाली मॅडम तिशीच्या असतील. त्यांनी पोपटची हनुवटी यंत्रावर टेकवली, आधी नुसतं पाहिलं. मग कापसाची वात ओढून अगदी बारीक केली, केसाएवढी, आणि तिचं टोक त्याच्या उघड्या बुबुळावर टेकवलं.

मी बाजूला उभा होतो. कापूस दिसताच माझे दोन्ही डोळे आपोआप मिटले. पोपटचा उघडाच. मॅडमनी पुन्हा टेकवलं, मधोमध, कडेला, वर, खाली. कापूस त्याच्या डोळ्यावर फिरत होता आणि तो माझ्याकडे बघून हसत होता. "बघ," म्हणाला, "हाय का काय?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पिवळा रंग टाकून निळा दिवा लावला आणि मला यंत्रातून बघायला सांगितलं. बुबुळाच्या मधोमध एक हिरवा डाग पेटलेला होता, मोठा, कडा सुजलेल्या. ती जखम होती. किती आठवड्यांची कोण जाणे. ती घेऊन हा माणूस रोज लोखंड जोडत होता.

"काका, नीट ऐका," मॅडम म्हणाल्या. "बुबुळावर ही जी काच असते ना, तिच्यात रक्ताची एकही नळी नाही. म्हणून तर तिच्यातून आरपार दिसतं. पण मज्जातंतू इतके आहेत, की अख्ख्या अंगावर दुसरीकडे कुठंही एवढे दाट नाहीत. केसाहून बारीक धागे. धुळीचा कण आला तरी ते बोंब मारतात, तेव्हा पापणी मिटते, पाणी येतं. आणि ते नुसते बोंब मारत नाहीत. त्या काचेला तेच जगवतात. वरचा थर रोज थोडा झडतो आणि नवा येतो, तो या धाग्यांच्या जिवावर. तुम्ही आठ महिने त्यांना मारलंत. आता साधं खरचटलं तरी भरून येत नाही. आणि तुम्हाला पत्ता लागत नाही, कारण सांगणारं कोणी उरलेलंच नाही."

पोपटचं हसू गेलं होतं. "मग आता?"

"थेंब आजपासून बंद. एकसुद्धा नाही. तुमच्याच रक्तातलं पाणी काढून त्याचे थेंब करून देते, ते दर तीन तासांनी घालायचे. तेवढ्यानं भरलं नाही तर पापण्या टाके घालून काही महिने शिवून टाकाव्या लागतील. आणि तोवर जंतू शिरले तर डोळा गेला. एकच आहे तुमच्याकडे." "एक अजून. धागे परत फुटायला लागले की दुखेल. खूप दुखेल. तेव्हा ते थेंब घातलेत, तर मी काहीही करू शकणार नाही."

"म्हंजे दुखायला लागलं की बरं व्हाया लागलं?"

"हो."

"उलटंच की," पोपट म्हणाला.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला होता. "हे थेंब देतं कोण यांना? बाहेर मिळतात कसे? असा माणूस मला सापडला ना, तर मी स्वतः त्याच्यावर तक्रार करीन."

मी भिंतीवरच्या अक्षरांच्या पाटीकडे बघत राहिलो. तिच्यावरचं सगळ्यात खालचं अक्षरही मला स्पष्ट दिसत होतं. आणि पोपट म्हणाला, "कंपनीच्या पेटीत असत्यात, म्याडम."

बाहेर आल्यावर स्कूटरला किक मारायच्या आधी मी विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तुझं दुकान हाय," तो म्हणाला. "आन् तुला तरी बिचाऱ्याला काय म्हाईत?"

मी किक मारली. त्या क्षणी बोललो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

दुपारी मी शेडमध्ये गेलो. अनिरुद्धनं मला खुर्ची दिली आणि चहा मागवला. मी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मग भिंतीवरचा फळा दाखवला. सुरक्षिततेचा फळा. 'डोळ्यांच्या दुखापती : शून्य'.

"आठ महिन्यांत एकही कंप्लेंट नाही, रावसाहेब. डोळ्यासाठी एकही सुट्टी नाही. आधी महिन्याला चार-पाच असायच्या. पोपटरावांचं वाईट झालं, आय फील बॅड. पण सिस्टिम वर्क करतीये ना."

"सिस्टिम? तुमची सगळी शेड बधिर झालीये! दुखतच नाही तर तक्रार कोण करणार?"

"आवाज कमी केलात तर बरं. आणि बाटल्या आपल्याच दुकानातून येतात, नाही का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण तो बरोबर बोलत होता. मी उठलो, पेटी उघडली, सगळ्या बाटल्या खिशात कोंबल्या आणि बाहेर पडलो. दारात दोघंतिघं वेल्डर उभे होते. त्यातला बजरंग म्हणाला, "आता आमच्या डोळ्यातलं कोण काढणार?" मी त्याला डॉक्टरांचा पत्ता कागदावर लिहून दिला. त्यानं तो घडी करून कानामागं अडकवला, म्हणजे तो जाणार नव्हता.

रक्ताचे थेंब थंड ठेवावे लागतात. पोपटच्या घरी फ्रिज नव्हता, म्हणून बाटली माझ्या दुकानातल्या फ्रिजमध्ये, इन्सुलिनच्या शेजारी. दिवसातून पाच वेळा तो यायचा, स्टुलावर बसून मान मागं टाकायचा आणि मी थेंब घालायचो. दहा दिवस गेले. मॅडम म्हणाल्या, कडेनं भरत येतंय, आशा आहे. त्या दहा दिवसांत आम्ही शाळेतल्या गप्पा मारल्या. मला वाटायला लागलं होतं की हे असंच निभावून जाईल, डोळा बरा होईल आणि ते बोलायची गरजच पडणार नाही.

अकराव्या दिवशी तो आला तो डोळ्यावर हात दाबूनच. बाराव्या दिवशी भर दुपारी आला, तेव्हा डोक्यावरून टॉवेल घेतलेला होता आणि त्याखालून गालावर पाण्याची धार लागली होती. दुकानात पाचसहा गिऱ्हाइकं होती. एखाद्या आंधळ्यासारखा तो काउंटर चाचपत पुढं आला.

"रावसाहेब. एक थेंब दे."

"बस. तुझे थेंब काढतो."

"ते न्हाय. गार."

"पोपट, मॅडमनी सांगितलंय ना. दुखतंय म्हणजे धागे फुटतायत. चांगलं आहे हे."

"चांगलं?" त्याचा आवाज फाटला. "उजेड लागला तरी सुई टोचतीय. वारं लागलं तरी टोचतीय. दोन दिस झोप न्हाय. एक थेंब दे, मग मी मागणार न्हाय." आणि त्यानं हात जोडले. चाळीस वर्षांत या माणसानं मला कधी हात जोडले नव्हते. शाळेत मी त्याची पाटी फोडायला उचलली होती तेव्हाही नाही.

"नाही," मी म्हणालो.

"मग तवा का दिलास?"

तो वळला. रस्त्यापलीकडे दुसरं मेडिकल आहे. तो टॉवेलखालून खाली बघत बघत रस्ता ओलांडायला लागला. एक रिक्षा त्याच्यापासून वीतभर अंतरावर करकचून थांबली, रिक्षावाल्यानं शिव्या घातल्या. मी काउंटरखालून बाहेर आलो आणि पळालो.

मी पोचलो तेव्हा समोरच्यानं खोकं काउंटरवर ठेवलंही होतं. चिठ्ठी विचारली नव्हती. माझ्याकडून तुटून आलेल्या गिऱ्हाइकाला कोण चिठ्ठी विचारतो?

"देऊ नका! ते देऊ नका त्याला!"

समोरच्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तो जुना पुणेकर आहे, आवाज चढवत नाही. "का बरं? आपण विकलंत की औषध, आणि आम्ही विकलं की विष? असं काही नवीन निघालंय का?"

रस्त्यावरची माणसं थांबली होती. माझ्या दुकानातली गिऱ्हाइकंही पायरीवर येऊन बघत होती. आणि जे मला मॅडमसमोर बोलता आलं नव्हतं, ते मी तिथं ओरडून बोललो. "होय, मी विकलं! आठ महिने विकलं! द्यायचं नसतं हे मला माहीत होतं, तरी विकलं! म्हणून त्याचा डोळा असा झालाय! आता तुम्ही देऊ नका!"

पोपटनं डोळ्यावरचा टॉवेल काढला. त्या उन्हात डोळा उघडायला त्याला किती त्रास झाला असेल, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण त्यानं उघडला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुला म्हाईत व्हतं?"

"हो."

"कवापास्नं?"

"पहिल्या दिवसापासून. खोक्यावर लिहिलेलं असतं."

त्यानं काउंटरवरचं खोकं उचललं. जवळ नेलं, लांब नेलं. त्याला अक्षरं दिसत नव्हती, आणि दिसली असती तरी ती इंग्रजी होती. खोकं त्यानं माझ्या हातात दिलं.

"वाच."

मी वाचलं.

"मराठीत वाच."

मी सगळ्या रस्त्यासमोर मराठीत वाचलं. "फक्त डॉक्टरांनी तपासणीच्या वेळी वापरण्यासाठी. रुग्णाला घरी वापरायला देऊ नये. वारंवार वापरल्यास डोळ्याला कायमची इजा होऊ शकते."

"परत."

मी परत वाचलं. पूर्ण वाचलं. पोपटनं खोकं माझ्या हातातून घेतलं आणि समोरच्याच्या काउंटरवर जपून ठेवलं. टॉवेल पुन्हा डोक्यावर घेतला आणि भिंतीच्या कडेकडेनं घराकडे निघाला. मी दोन पावलं मागं गेलो. "मागं येऊ नगंस," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी जयावहिनी आल्या आणि फ्रिजमधली रक्ताच्या थेंबांची बाटली घेऊन गेल्या. बालवाडीच्या बाईंच्या घरी फ्रिज आहे, म्हणाल्या.

मी दवाखान्यात जाऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी मला खुर्ची दिली नाही. तक्रार केली, चौकशी झाली, दुकान काही दिवस बंद राहिलं आणि परत उघडलं. समोरच्याकडे अजून ते थेंब चिठ्ठीशिवाय मिळतात. अनिरुद्धची शेड आता दुप्पट मोठी झाली आहे. तो फळाही आहे, आणि त्यावर अजून शून्यच आहे असं बजरंग सांगतो. हे सगळं मी ओरडून सांगितलं तर लोक म्हणतात, रावसाहेब, तुम्ही फार चिडता. मी चिडणार. न चिडता आठ महिने बाटल्या देत होतो, तेव्हा कोणी काही बोललं नाही.

पोपटनं ते दुखणं थेंबांशिवाय सोसलं. किती दिवस ते मला माहीत नाही, मला कोणी सांगितलं नाही. पापण्या शिवाव्या लागल्या नाहीत. जखम भरली, तिचा पांढुरका वण मधोमध राहिला. बसचा नंबर तो बस पुढ्यात आल्यावर वाचतो. वेल्डिंग संपलं. मांजरीच्या एका नव्या सोसायटीच्या फाटकावर तो पहारेकरी आहे, आणि कामावर जाताना माझ्या दुकानासमोरून न जाता मागच्या गल्लीनं जातो.

जयावहिनी मात्र येतात. मालनबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याकडूनच नेतात आणि न मागता चिठ्ठी काउंटरवर ठेवतात. मी चिठ्ठी बघतो, गोळ्या काढतो आणि दर वेळी विचारतो.

"डोळा कसा आहे?"

"दुखतो."

"रोज?"

"रोज. वाऱ्यानं दुखतो, उन्हानं दुखतो. पंखा लावला तरी पाणी येतं."

परवा मी न राहवून म्हणालो, "दुखतोय ते बरंच आहे, वहिनी."

त्यांनी गोळ्या पिशवीत टाकल्या आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"ते तुम्ही म्हणू नका," त्या म्हणाल्या.